माहिको गोन्झालेझ : घड्याळाशी कधीच न जमलेला जादूगार



शनिवार सकाळ म्हणजे मुलांचं सॉकर, हे गणित आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आता ठरून गेलंय. घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा आणि "अरे, पास दे पास!" असं मराठीतून ओरडणारे आईबाप. अशाच एका शनिवारी शेजारच्या खुर्चीवर एल साल्वादोरचे एक गृहस्थ बसले होते. बोलता बोलता मॅराडोनाचा विषय निघाला आणि मी लगेच १९८६ च्या विश्वचषकातल्या त्या इंग्लंडविरुद्धच्या गोलचं वर्णन सुरू केलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही आमचा माहिको बघितलाय का?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, जन्मात आंबा न खाल्लेल्या माणसाकडे आपण जसं बघू!

घरी येऊन शोधायला बसलो आणि दोन तासांनी उठलो. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून गेला नाही. मराठीत त्याच्याबद्दल फारसं लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी उच्चार. स्पॅनिशमध्ये "मॅजिक" या अर्थाचा जो शब्द आहे तो आपण इंग्रजीच्या सवयीनं मॅजिको असा वाचतो, पण म्हणायचा माहिको. अर्थ साधा आहे, जादूचा किंवा जादुई.

थोडक्यात माहिती

पूर्ण नाव : होर्हे आल्बेर्तो गोन्झालेझ बारियास
जन्म : १३ मार्च १९५८, सान साल्वादोर, एल साल्वादोर
जागा : कागदावर फॉरवर्ड, प्रत्यक्षात मधल्या फळीपासून गोलपर्यंत मोकळा फिरणारा
मुख्य क्लब : फास (सांता आना, एल साल्वादोर), कादिझ (स्पेन), मध्ये थोडा काळ वायादोलिद (स्पेन)
विश्वचषक : १९८२, स्पेन

छोट्या देशातला मुलगा

एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतला क्षेत्रफळानं सगळ्यात लहान देश. सुमारे २१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण पंधरावा हिस्सा. ज्वालामुखी, कॉफीचे मळे, एका बाजूला पॅसिफिक समुद्र आणि या सगळ्यात दाटीवाटीनं राहणारी माणसं. जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात आणि बाकीच्यांच्या हातात कोयता, अशी तिथली जुनी कहाणी आहे.

होर्हे राजधानीतल्या एका मोठ्या, साध्या कुटुंबात वाढला. त्याचा मोठा भाऊ मौरिसिओ, ज्याला सगळे "पाचिन" म्हणत, तोही फुटबॉल खेळायचा. गल्लीत खेळता खेळता होर्हे आधी आन्तेल आणि मग इंडिपेंडिएन्ते या स्थानिक संघांतून पुढे आला. १९७६ मध्ये, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, तो देशाच्या संघात होता. १९७७ मध्ये तो सांता आना शहराच्या फास या क्लबकडे गेला. तेव्हा त्याला मायदेशात "एल मागो" म्हणजे जादूगार म्हणत. "माहिको" हे रूप पुढे स्पेनमध्ये रूढ झालं.

फासनं त्याच्या काळात १९७७-७८, १९७८-७९ आणि १९८१ अशी देशाची विजेतेपदं मिळवली. १९७९ मध्ये तर उत्तर आणि मध्य अमेरिका व कॅरिबियन मिळून होणारा क्लबांचा चषकही जिंकला. अंतिम फेरीत कुरासावच्या योंग कोलोम्बिया संघाविरुद्धचा घरचा सामना ७-१ असा सुटला. एका छोट्या देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराचा क्लब खंडाचा विजेता झाला होता.

त्याची एक हुकमी चाल होती. बॉल एका बाजूला ढकलतोय असं दाखवायचं आणि त्याच पायानं, बॉल सुटायच्या आत, झटक्यात दुसऱ्या बाजूला ओढायचा. समोरचा बचावपटू पहिल्या बाजूला जाऊन बसलेला असायचा. या चालीचं त्याच्या देशातलं नाव आहे "कुलेब्रिता माचेतेआदा", म्हणजे कोयत्यानं तोडलेलं सापाचं पिल्लू. शेतात कोयता चालवणाऱ्या लोकांनाच असलं नाव सुचू शकतं. आजच्या मुलांना ही चाल ओळखीची वाटेल, कारण पुढे ब्राझीलच्या रोनाल्डिन्होची अशाच जातीची चाल जगभर गाजली.

टेगुसिगाल्पा, नोव्हेंबर १९८१

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही.

१९६९ मध्ये एल साल्वादोर आणि शेजारचा होंडुरास यांच्यात चार दिवसांचं युद्ध झालं. जगानं त्याला "फुटबॉल युद्ध" असं नाव दिलं, कारण त्याच सुमारास दोघांचे विश्वचषकाच्या पात्रता फेरीचे सामने सुरू होते. खरं कारण जमीन आणि स्थलांतर हे होतं. जमिनीअभावी लाखो साल्वादोरी माणसं होंडुरासमध्ये जाऊन राहिली होती आणि तिथून त्यांना हाकलायला सुरुवात झाली होती. परक्या देशात पोटासाठी गेलेल्यांवर काय वेळ येऊ शकते, हे वाचताना आपल्यालाही क्षणभर थांबायला होतं.

त्या पात्रता फेरीतला मेक्सिको सिटीतला निर्णायक सामना एल साल्वादोरनं ३-२ असा जिंकला होता आणि विजयी गोल होता मौरिसिओ "पिपो" रोद्रिगेझचा. हाच पिपो १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. आणि १९८२ च्या विश्वचषकासाठीची पात्रता स्पर्धा भरली होती ती नेमकी होंडुरासच्या राजधानीत, टेगुसिगाल्पाला!

एल साल्वादोरमध्ये तोपर्यंत यादवी युद्ध पेटलं होतं. मार्च १९८० मध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घालून मारलं होतं. एकीकडे सरकारी सैन्य आणि दुसरीकडे बंडखोर गनिम, अशी ही लढाई १९९२ पर्यंत चालली आणि सुमारे ७५,००० माणसं त्यात गेली.

अशा देशातून आलेल्या या संघासमोर ६ नोव्हेंबर १९८१ ला मेक्सिको उभा होता. मेक्सिको म्हणजे या भागातला दादा संघ. सामना संपायला दहाएक मिनिटं उरली असताना माहिको बॉल घेऊन मेक्सिकोच्या बचावात घुसला आणि त्यानं फटका मारला. गोलकीपरनं तो अडवला, पण सुटलेला बॉल एव्हेर एर्नांदेझनं आत ढकलला. १-० असा सामना संपला. पुढे एल साल्वादोरनं हैतीलाही हरवलं. मग सगळं येऊन ठेपलं होंडुरास-मेक्सिको या शेवटच्या सामन्यावर. होंडुरास आधीच पात्र ठरला होता, त्याला काही मिळवायचं नव्हतं. मेक्सिको जिंकला असता तर एल साल्वादोर बाहेर गेला असता. होंडुरासनं सामना ०-० असा बरोबरीत सोडवला आणि बारा वर्षांपूर्वी ज्या देशाशी युद्ध केलं त्याच देशाला विश्वचषकाचं दार उघडून दिलं.

पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९८१ मध्ये, एल साल्वादोरच्या सैन्यानं एल मोसोते आणि आसपासच्या वस्त्यांत सुमारे हजार गावकरी मारले. त्यांत निम्म्याहून जास्त मुलं होती. त्या एका गोलचा तिथल्या लोकांना एवढा आनंद का झाला असेल, हे कळायला या दोन तारखा शेजारी ठेवून बघाव्यात.

दहा विरुद्ध एक

१९८२ च्या विश्वचषकाला एल साल्वादोरचा संघ पोचला तो सामन्याच्या जेमतेम दोन-तीन दिवस आधी. २२ खेळाडू नेण्याची मुभा असताना २०च आणले होते. १५ जून १९८२ ला स्पेनमधल्या एल्चे शहरात पहिला सामना हंगेरीशी होता.

हंगेरीनं १० गोल केले. २०२२ पर्यंतच्या विश्वचषकांत एका सामन्यात दहा गोल करणारा हा एकमेव संघ. लास्लो किश हा बदली खेळाडू आला आणि त्यानं सात मिनिटांत तीन गोल केले. एल साल्वादोरचा एकमेव गोल लुइस रामिरेझ सापातानं केला. तेव्हा धावसंख्या ५-१ झाली आणि त्याला एवढा आनंद झाला की तो जिंकल्यासारखा धावत सुटला. हसू येतं खरं, पण पुढे लक्षात ठेवा : एल साल्वादोर १९७० आणि १९८२ असे दोनच विश्वचषक खेळलाय, आणि त्या सहा सामन्यांतला त्यांचा हा एकुलता एक गोल आहे.

त्या दिवशी ११ नंबरचा शर्ट घातलेला माहिको मात्र शेवटपर्यंत बॉल मागत राहिला आणि पुढे जात राहिला. पुढच्या दोन सामन्यांत संघानं कंबर कसली. बेल्जियमकडून ०-१ आणि आलिकान्ते शहरात गतविजेत्या अर्जेंटिनाकडून ०-२ अशी हार झाली. त्या अर्जेंटिनाच्या संघात मॅराडोना होता. तीन सामने, तीन पराभव, तेरा गोल खाल्लेले. आपल्या भाषेत सांगायचं तर संपूर्ण प्रोजेक्ट फेल!

पण स्पेनमध्ये बघणाऱ्यांनी बघून ठेवलं होतं, की या बुडत्या संघात एक माणूस वेगळा आहे. त्याच्यावर पॅरिस सां-जर्मां या फ्रेंच क्लबचीही नजर होती. सही करायला ठरल्या वेळी हा गेलाच नाही, असा किस्सा आजही सांगतात. शेवटी तो गेला कादिझला.

कादिझ

कादिझ हे स्पेनच्या दक्षिण टोकाचं, जवळजवळ चहूबाजूंनी समुद्र असलेलं बंदर. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं, तीन हजार वर्षांची परंपरा सांगणारं शहर. तिथला कार्निव्हल प्रसिद्ध आहे. गल्लीबोळातले गट गाणी रचतात आणि त्यांत राजकारण्यांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळ्यांची टोपी उडवतात. पैसा मात्र बेताचा. १९८० च्या दशकात तिथली जहाजबांधणी अडचणीत आली आणि बेकारी वाढत गेली.

तिथला पिवळ्या शर्टाचा क्लब म्हणजे कादिझ सी.एफ. १९८२ मध्ये तो नुकताच पहिल्या विभागातून दुसऱ्यात घसरला होता. माद्रिद-बार्सिलोनाच्या तुलनेत खिसा रिकामाच. अशा क्लबमध्ये २४ वर्षांचा माहिको आला आणि पहिल्याच मोसमात (१९८२-८३) क्लब परत वर गेला. त्यानंतर क्लब पुन्हा घसरला, पुन्हा चढला, काठावरून वाचला. मोठा चषक कधीच मिळाला नाही. १९८७-८८ मध्ये कादिझ पहिल्या विभागात १२ वा आला, आणि बारावा क्रमांक हीच त्यांची तोपर्यंतची सर्वोत्तम कामगिरी होती. मधला वायादोलिदचा काळ सोडला तर १९९१ पर्यंत तो तिथे होता. या काळात लीगचे सुमारे दोनशे सामने आणि पन्नासहून जास्त गोल.

आकडे चांगले आहेत, पण असे आकडे त्या काळात इतर अनेकांचेही आहेत. तरीही कादिझमध्ये आजही त्याचं नाव निघालं की लोक कामधंदा सोडून बोलत बसतात. असं का?

एक कारण त्याचा खेळ. तो खेळत असताना स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाला पुढच्या क्षणी काय होईल हे माहीत नसायचं. उभ्या जागी दोघांना चकवणं, गोलकीपर पुढे आलाय हे न बघता ओळखून त्याच्या डोक्यावरून अलगद बॉल टाकणं, मध्येच एखाद्याला टाच मारून पास. ऐंशीच्या दशकातल्या स्पॅनिश फुटबॉलमध्ये बचावपटू मारायला कमी करत नसत. त्यात हा सडपातळ, मोठ्या केसांचा माणूस उड्या मारत निघून जायचा.

दुसरं कारण, तो त्यांच्यातलाच होऊन गेला. त्याच भागातला थोर फ्लामेंको गायक कामारोन दे ला इस्ला याच्याशी त्याची दोस्ती होती. बारमध्ये तो कुणाहीबरोबर बसायचा. खिशातले पैसे वाटून टाकायचा. "आपल्याला काहीही मिळालं नसतं, पण देवानं हा दिला" अशी काहीतरी भावना त्या शहराची आहे.

झोप, रात्र आणि करार

आता या गोष्टीची दुसरी बाजू. माहिकोला रात्र प्रिय होती आणि सकाळ बिलकुल नाही. सरावाला उशिरा येणं किंवा न येणं हे नेहमीचं. क्लबचे अध्यक्ष मानुएल इरिगोयेन यांच्या काळात त्याला घरून उठवून आणायला माणूस पाठवावा लागायचा. दंड झाले, बोलणी झाली, समजावणी झाली. काही उपयोग नाही.

१९८५ मध्ये तो वायादोलिदला गेला. ते उत्तरेकडचं, थंडीचं, शिस्तीचं शहर. तिथे तो काही महिनेच टिकला. १९८६ मध्ये परत कादिझ! या वेळी क्लबनं त्याला पगार द्यायची पद्धतच बदलली : जेवढे सामने खेळशील तेवढ्याचे पैसे. आपल्यापैकी कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्यांना ही पद्धत चांगलीच कळेल. खेळलास तर बिल, झोपलास तर शून्य. फरक इतकाच की आपण झोपत नाही!

आणि तो काही वेगळं सोंगही आणत नव्हता. एका मुलाखतीत त्यानं स्वतःच कबूल केलं, की आपण संत नाही, रात्र आपल्याला आवडते, आपण बेजबाबदार आहोत आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून वाईट आहोत. कदाचित आयुष्यातली संधी आपण वाया घालवत असू. पण फुटबॉलकडे नोकरी म्हणून बघणं आपल्याला जमत नाही. तसं बघितलं तर आपण आपण राहणार नाही. आपण फक्त मजेसाठी खेळतो.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. खरंच सांगतो. आपण ज्या घरांतून आलो तिथे "हुशार आहे पण अभ्यास करत नाही" यापेक्षा मोठा गुन्हा नसायचा. सकाळी पाचला उठून अभ्यास, इंजिनिअरिंग, मग कॅम्पस, मग व्हिसा. प्रत्येक पायरीवर वेळ पाळली म्हणून तर आपण इथे आहोत. आणि हा माणूस, ज्याच्या पायात जगातल्या मोजक्या लोकांकडे असतं ते होतं, तो झोपून राहिला?

मॅराडोना काय म्हणाला

१९८४ मध्ये बार्सिलोनाचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्यांनी माहिकोला पाहुणा खेळाडू म्हणून बरोबर नेलं. मॅराडोना तेव्हा बार्सिलोनात होता. दोघं एकाच संघात! खेळ झकास झाला. पण त्याच दौऱ्यातला एक किस्सा प्रसिद्ध आहे. हॉटेलात आगीची घंटा वाजली, सगळे खेळाडू खाली पळाले आणि माहिको खोलीतून बाहेरच आला नाही. आग वगैरे काही नव्हती, खेळाडूंचीच चेष्टा होती. पण बार्सिलोनानं त्याला काही घेतलं नाही.

किस्से तिखटमीठ लावून मोठे होतात, हे आपण समजून घेऊ. मॅराडोनाचं मत मात्र किस्सा नाही. त्यानं अनेकदा जाहीरपणे सांगितलं, की आपण पाहिलेल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी माहिको एक आहे. कादिझमध्ये प्रशिक्षक म्हणून त्याला जवळून पाहिलेला दाविद विदाल तर तंत्राच्या बाबतीत त्याला मॅराडोनापेक्षाही वर ठेवायचा. आता हे प्रेमानं केलेलं विधान आहे, हिशोब करून नव्हे. मॅराडोनानं देशाला विश्वचषक मिळवून दिला, नापोलीला दोनदा इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं. माहिकोनं कादिझला बारावा क्रमांक मिळवून दिला! पण २०२० मध्ये मॅराडोना गेला, तोही आपल्या रात्रींचे हिशोब चुकते करतच, हे विसरता येत नाही. शिस्तीनं वाचवलं असतं तर दोघांनाही वाचवलं असतं, आणि दोघांनीही ती पाळली नाही. एकाला मोठे रंगमंच मिळाले, दुसऱ्यानं त्यांच्याकडे पाठ फिरवली, एवढाच फरक.

परत घरी

१९९१ मध्ये, ३३ व्या वर्षी, माहिको एल साल्वादोरला परतला आणि पुन्हा फासकडून खेळू लागला. जानेवारी १९९२ मध्ये मेक्सिको सिटीतल्या चापुल्तेपेक किल्ल्यात शांतता करारावर सह्या झाल्या आणि यादवी संपली. उद्ध्वस्त झालेल्या देशात दर रविवारी मैदानावर हा माणूस दिसायचा. वेग कमी झाला होता, पण पाय तेच होते. फासनं १९९४-९५ आणि १९९५-९६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. राष्ट्रीय संघाकडून तो १९९८ पर्यंत अधूनमधून खेळला. चाळिशी ओलांडल्यावर, शतक बदलता बदलता, त्यानं खेळणं थांबवलं.

पुढे काही काळ तो अमेरिकेत, ह्यूस्टनला होता. तिथे त्यानं टॅक्सी चालवल्याचं आणि एका स्थानिक संघाला शिकवायला मदत केल्याचं सांगितलं जातं. आपल्याला हे वाचून कसंतरी होतं. पण युद्धाच्या काळात आणि नंतर घर सोडलेल्या लाखो साल्वादोरी माणसांनी नेमकं हेच केलंय. आज अमेरिकेत एल साल्वादोरच्या वंशाचे वीस लाखांहून जास्त लोक आहेत. लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, वॉशिंग्टनच्या आसपास. कुणी घरं रंगवतं, कुणी रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात, कुणी टॅक्सीत. ते जे करत होते तेच तोही करून आला.

२००६ मध्ये सान साल्वादोरच्या राष्ट्रीय स्टेडियमला त्याचं नाव देण्यात आलं. १९३५ च्या मध्य अमेरिकी व कॅरिबियन स्पर्धा जिथे झाल्या ते हे जुनं "फ्लोर ब्लांका" स्टेडियम, आता एस्तादिओ नासिओनाल होर्हे "माहिको" गोन्झालेझ. जिवंत माणसाचं नाव, आणि तेही टोपणनावासकट! २०१३ मध्ये मेक्सिकोतल्या पाचुका शहरातल्या फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

शेवटी हिशोब

आपण इंजिनिअर मंडळी. आपल्याला मोजायची सवय. त्याच्यात असलेलं आणि त्यानं केलेलं यांची वजाबाकी करायची आणि उत्तराला "वाया गेलेलं" म्हणायचं, हे आपल्याला चटकन सुचतं. मीही तसंच केलं होतं.

पुढच्या शनिवारी मी त्या शेजारच्या गृहस्थांना हेच बोलून दाखवलं. थोडी शिस्त असती तर केवढा मोठा झाला असता, वगैरे. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या गावात दोन्ही बाजूंचे लोक घरात शिरून तरुण मुलांना घेऊन जायचे. सगळे मोठे लोक आम्हाला काहीतरी बनवायला निघाले होते. सैनिक, नाहीतर गनिम. होर्हे एकटाच असा होता की ज्याला कुणी काही बनवू शकलं नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलांना झोपून राहायला शिकवा, असं मी म्हणत नाही. किंमत त्यानं मोजलीच. पैशात मोजली, मोठ्या क्लबांत मोजली, आणि उशिरा उठणाऱ्या माणसाबरोबर सकाळी सराव करणाऱ्या सहकाऱ्यांनीही थोडी मोजलीच असेल. त्याचा खेळ त्यानं कुणालाही विकला नाही, हे मात्र खरं. ज्या दोन ठिकाणी त्यानं तो उधळला, एक युद्धात जळणारा देश आणि एक बेकारीनं ग्रासलेलं बंदर, त्या दोन्ही ठिकाणच्या लोकांना त्या दहा वर्षांत दुसरं कुणी फारसं काही दिलं नव्हतं. त्यांच्या हिशोबात वजाबाकी नाहीच. नुसती जमा आहे.

इंटरनेटवर त्याच्या खेळाच्या जुन्या चित्रफिती आहेत. चित्र धूसर आहे, मैदान खड्ड्यांचं आहे, पण एकदा मुलांना शेजारी घेऊन जरूर बघा. आणि पुढच्या शनिवारी मैदानावर एल साल्वादोरचं कुणी भेटलं तर नुसतं "माहिको" एवढं म्हणा. खुर्ची जवळ ओढून बोलायला सुरुवात होईल, याची खात्री मी देतो.

चूकभूल द्यावी घ्यावी.